खऱ्या पुराची टेप पुढच्या टप्प्यात

माझा आवाज मोठा आहे. किती मोठा, तर आमच्या चौकात मी शिंकलो की मालेगावच्या स्टँडवर कंडक्टर डबल बेल मारतो आणि गाडी रिकामीच निघून जाते. एका लग्नात मी माईकवरून नवरदेवाच्या मामाला बोलावलं, तर शेजारच्या गावांतले मामाही फेटे बांधून हजर झाले. लग्नाला, भजनाला, प्रचाराला माईक आणि भोंगे भाड्यानं देणं हा माझा धंदा. गावात रेशन आलं, नळ सुटला, कुणाची म्हैस दावं तोडून पळाली, कुणी वारलं, सगळं आजवर माझ्याच तोंडून गावाला कळत आलं. आमचं गाव वाशिम जिल्ह्यात, शिरपूर आणि मालेगावच्या मधे, आत वळून. गाव नाल्याच्या या काठाला, शेतं त्या काठाला आणि मधे रपटा. रपटा म्हणजे पुलाचं सोंग घेतलेला सिमेंटचा पट्टा. नाल्यानं जरा अंग फुगवलं की तो पाण्याखाली जातो.

तर अशा या गावात एके दिवशी आमची क्षमता बांधायला माणसं आली.

थट्टा नाही. ग्रामपंचायतीवर फलकच लागला, ‘आपत्ती व्यवस्थापन: क्षमता बांधणी कार्यशाळा’. आमच्या गावच्या गवंड्यानं शिकवायला आलेल्या साहेबांना सरळ विचारलं, “साहेब, हे बांधनी सिमिटाची का मातीची?” साहेब हसले. बूट इतके चकचकीत की त्यात मला माझे दात मोजता आले असते. ते म्हणाले, क्षमता माणसांत बांधायची असते. गवंडी उठून गेला. त्याच्या कामाचं काही नव्हतं.

साहेबांनी पडद्यावर समुद्राची लाट दाखवली. वाशिम जिल्ह्यात! आमच्याकडं समुद्र यायचा म्हटला तर त्याला वाटेत निम्मा महाराष्ट्र ओलांडावा लागेल, आणि केनवडच्या बाजारात चहाला थांबला तर इथवर उरणारही नाही. नंतर भूकंप दाखवला, बर्फाचा कडा कोसळताना दाखवला. नाला कुठंच नव्हता. तेव्हा माझी बायको उठली. माझ्या बायकोबद्दल एकच सांगतो, या घरात मोठा आवाज माझा आहे आणि शेवटचा तिचा.

“साहेब, आमी बायका निंदनाले रपट्याच्या तिकडं असतो. मंग पूर आला त आमी काय कराचं?”

“ताई, सायरन वाजला की सगळ्यांनी शाळेच्या मैदानात जमायचं.”

“रपट्यावरून?”

“प्रश्न शेवटी घेऊ.”

शेवटी पोहे आले. प्रश्न पोह्यांखाली गाडला गेला. वर शेव टाकली. आजही हे लिहिताना माझा पाय बसल्या जागी आपटतो. तो प्रश्न त्या दिवशी घेतला असता तर पुढची एक ओळही मला लिहावी लागली नसती. पण साहेब हुशार. जास्त बोलणाऱ्या बाईचं काय करायचं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी तिला महिला पथकाची प्रमुख केलं आणि डोक्यावर नारंगी टोपी घातली.

मग ग्रामपंचायतीच्या गच्चीवर सायरन बसला. लाल बटण दाबलं की आधी कोल्हेकुई, मग एका गोड गळ्याच्या बाईचा आवाज: “नागरिकांनी घाबरून जाऊ नये. ही केवळ रंगीत तालीम आहे. सर्वांनी शाळेच्या मैदानात जमावे.” म्हणजे गावाला सांगायचं माझं काम गेलं. मला राग आला का? आला. पण मी त्या बाईची चूक काढायला गेलो नव्हतो. मी एवढंच विचारलं, “साहेब, हे झाली तालमीची टेप. खऱ्या पुराची टेप कुठी हाय?”

“ती पुढच्या टप्प्यात येईल,” साहेब म्हणाले.

आता ‘रंगीत तालीम’ हे शब्द शहरात नाटकवाल्यांना कळतात. आमच्याकडं तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. ती रंगीत आहे म्हटल्यावर पहिल्या खेपेला काय झालं असेल? एक म्हातारे पैलवान अंगाला तेल चोळून, लंगोट लावून शाळेच्या मैदानात दंड थोपटत उभे राहिले. कुणी गुलालाची पिशवी आणली. बायकांना वाटलं नाटक आहे, त्या बसायला पोती घेऊन आल्या. साहेबांनी डोक्याला हात लावला आणि सगळ्यांना समजावलं की रंगीत तालीम म्हणजे खोटं खोटं, पण खऱ्यासारखं. मग पुन्हा बटण दाबलं. शेतातल्या बायका कोरड्या रपट्यावरून धावत आल्या. साहेबांनी हातातलं घड्याळ दाखवत टाळ्या वाजवल्या आणि वेळेप्रमाणं गावाला गुण लिहिले. उशिरा येणाऱ्या बायकांना सगळ्यांदेखत बोलले, “तुमच्यामुळे गावाचे गुण जातात.”

हे लक्षात ठेवा. बायकांना शिकवलं काय, तर तो आवाज आला की हातातलं टाकायचं, रपट्यावरून पळायचं आणि गावाचे गुण वाचवायचे.

तो दिवस श्रावणातला. दुपारची वेळ. केनवडकडं, नाला येतो त्या बाजूला, आभाळ असं काळं झालं होतं की कोंबड्या खुराड्यात जाऊन बसल्या. आमच्याकडं मात्र ऊन. मी दारात एक ॲम्प्लिफायर उघडून बसलो होतो. एवढ्यात कोल्हेकुई झाली आणि गोड बाई बोलली. घाबरून जाऊ नये, केवळ रंगीत तालीम. पानटपरीवरची माणसं हसली. “पुन्हा आले वाटते पोहे,” एकजण म्हणाला. एकानंही बूड उचललं नाही. बाईनं नको म्हटलं होतं ना घाबरायला.

मला मात्र साहेबांची गाडी कुठं दिसेना. साहेबांशिवाय तालीम? मी ग्रामपंचायतीत गेलो. तिथला शिपाई बटणावर अंगठा दाबून घामानं निथळत उभा होता.

“काहून वाजवून राह्यला बे?”

“वरच्या गावातून फोन आला. नाल्याले पानी सुटलं. लय मोठं हाय म्हनते!”

“मंग खरं सांग ना लोकायले! हे बाई त खोटं हाय म्हनून राह्यली!”

तो रडकुंडीला आला. “काका, खऱ्याचं बटनच नाही. बटन एकच हाय.”

खरी टेप पुढच्या टप्प्यात होती आणि पूर पहिल्याच टप्प्यात आला. त्या शिपायावर मी आजपर्यंत रागावलेलो नाही. हातात दिलं तेच त्यानं दाबलं. राग आहे तो देणाऱ्यावर.

एवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बायका! टपरीवरची माणसं हलली नव्हती, पण पलीकडच्या बायका हलल्या असणार. बाईनं त्यांना शाळेत बोलावलं होतं.

मी नाल्याकडं धावलो. माझ्या वजनाचा माणूस धावतो तेव्हा रस्त्यावरची कुत्री बाजूला होऊन पाहत बसतात. काठावर पोचलो तेव्हा रपट्यावर घोट्याएवढं गढूळ पाणी होतं आणि वरच्या वळणावर दुसरं पाणी दिसत होतं. ते पाणी नव्हतंच, काटेरी बाभळी आणि कडब्याच्या पेंढ्या घेऊन चालत येणारी भिंत होती. आणि पलीकडून, पदर खोचून, विळे कमरेला लावून आमच्या बायका पळत येत होत्या. पुढं नारंगी टोपी. मागं आमची शेजारीण काकू, शेळीला दोरीनं ओढत. पहिल्या बायकांचे पाय रपट्यावर पडले होते.

मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज कुणाच्याही कानापर्यंत गेला नाही. नाला माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलत होता. मी दोन्ही हात वर करून हलवले: मागं जा, मागं जा! बायकोनं ते पाहिलं आणि तिला वाटलं, नवरा लवकर ये म्हणतोय, गावाचे गुण जातायत. तिच्या ओठांवर मला स्पष्ट दिसलं, “हो हो, येऊन राह्यलो!” आणि तिनं पाय उचलले.

मी जितके हात हलवले तितकी ती वेगानं पुढं.

तेव्हा मी काय केलं? मी पाठ फिरवली आणि पळालो. गावाकडं, चढावर, जीव खाऊन. हे मी डोकं लढवून केलं. बायको म्हणते की डोकंबिकं काही नाही, तुमी भ्याले. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही. पण पुढचं तिच्या तोंडूनच ऐका: “मी माह्या नवऱ्याले इतके वर्सं पाहून राह्यली. हा मानूस घरी आग लागली तरी आधी पान लावते. तो पाठ दाखवून पयाला, मंग मले समजलं, हे काई तालीमबिलीम नव्हं. मी म्हनलं, बायायहो, फिरा मांगं!”

बायका फिरल्या. एकीचा पदर दुसरीनं धरला, दुसरीचा तिसरीनं. शेवटची बाई रपट्यावरून पलीकडं उतरली आणि भिंत आली. शेळी मात्र रपट्यावरच अडून बसली होती; काकूंच्या हातातली दोरी ताणली, सुटली. शेळी एकदाच ओरडली. मी चढावरून वळून पाहिलं तेव्हा रपटा नव्हता, नाल्याचा हा काठ आणि तो काठ यांच्यामधे नुसतं तपकिरी पाणी होतं आणि पलीकडं एक नारंगी ठिपका. तो ठिपका हलला तेव्हा मी चिखलात बसलो. मग मी रडलो असं काही लोक सांगतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका, पाऊस सुरू झाला होता.

बायका मोटारपंपाच्या खोपटात एकमेकींना चिकटून बसल्या. संध्याकाळी पाणी उतरलं तेव्हा आल्या. काकूंच्या हाताला दोरीचा लाल वळ होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. आवाजात लग्नघरातला आनंद. “अभिनंदन! जीवितहानी शून्य! प्रशिक्षणाचा फायदा झाला की नाही?”

फोन स्पीकरवर होता. काकू शेजारीच होत्या. “शून्य? माही शेयी काय पलास्टिकची होती काय वं माय? रोज सकायी दूध देये ते!”

साहेबांनी फोन ठेवला. नेटवर्क गेलं म्हणे.

त्यानंतर शाळेच्या पायऱ्यांवर बैठक झाली. ती कुणी बोलावली नव्हती; फलक नव्हता, पोहे नव्हते. बायकांनी सगळे प्रश्न सुरुवातीलाच घेतले. ठरलं ते असं: पाणी सुटलं की रपट्याच्या तिकडच्यांनी तिकडंच थांबायचं, इकडच्यांनी इकडंच. पलीकडं उंचवट्यावर जमायचं, कारण खोपटात माणसं मावत नाहीत. सायरनच्या बाईला रजा. आणि माणूस कितीही ओरडला, कितीही हात हलवला तरी ते बोलावणं समजायचं नाही, ‘थांब’ही समजायचं नाही. नाल्याच्या काठी खूण एकच, पाठ. कुणी पाठ फिरवून पळाला, की पाहणाऱ्यानंही पाठ फिरवायची आणि वर चढायचं. दर बाजाराच्या दिवशी याची तालीम सुरू झाली. रंग नाही, गुलाल नाही. म्हातारे पैलवानसुद्धा लंगोट सोडून धोतरात पळतात.

उंचवट्यावर पत्र्याची शेड द्या म्हणून बायका तालुक्याला गेल्या. उत्तर मिळालं, “आराखड्यात जमण्याची जागा शाळा दाखवली आहे. एका गावाला एकच.” बायको म्हणाली, “मंग नाल्याले सांगा ना, का आराखड्यातून वाहात जाय!” त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि पाणी दिलं. शेड दिली नाही.

दिली काय, तर यशोगाथा. हिवाळ्यात साहेब कॅमेरेवाल्याला घेऊन आले. प्रशिक्षणामुळे गावाचे प्राण कसे वाचले, याची फिल्म काढायची होती. जागा, रपट्याजवळ. माईक माझा, कारण त्यांचा सायरन उंदरांनी खाल्ला होता. सगळं गाव काठावर रांगेनं उभं केलं. माझ्या बायकोला पंचायतीच्या कपाटातून आणलेली नवी नारंगी टोपी दिली. तिच्या हातात बोलायचं लिहून दिलं होतं. तिनं ते वाचलं, घडी घातली आणि टोपीत ठेवलं.

“ताई, कॅमेऱ्याकडे बघा. म्हणा, प्रशिक्षणामुळे आम्ही वाचलो.”

ती म्हणाली, “शेड कधी देता?”

“ते नंतर बोलू.”

“प्रश्न शेवटी?”

साहेबांना ते आठवलंही नाही. त्यांनी मान डोलावली. “हो, शेवटी.”

तिनं टोपी काढली, साहेबांच्या हातात दिली आणि पाठ फिरवली. मग काकूंनी फिरवली. मग गवंड्यानं, शिपायानं, पैलवानांनी. सगळं गाव पाठ दाखवून चढावर चालू लागलं. कॅमेऱ्यात नुसत्या पाठी.

साहेब खरेच घाबरले. नाल्याकडं पाहिलं, नाला कोरडा. माझ्याकडं पाहिलं. “काय झालं? काय झालं यांना?”

मी माईक तोंडाशी धरला. त्या दिवशी नाल्यापुढं हरलेला सगळा आवाज छातीत साठलेला होता.

“साहेब, घाबरून जाऊ नये! ही केवळ रंगीत तालीम आहे!”

मालेगावला नक्की ऐकू गेलं असणार. मीही पाठ फिरवली आणि भोंगे तिथंच ठेवून निघालो.

शेड अजून झालेली नाही. बायकांनी उंचवट्यावर बांबू रोवून ताडपत्री ताणली आहे. वाऱ्यानं फाटते, पुन्हा ताणतात. केनवडकडं आभाळ भरलं की मी दुकान टाकून रपट्याच्या काठी जाऊन उभा राहतो. पलीकडं बायको निंदायला वाकलेली असते. सकाळी निघताना ती रोज बजावून जाते, “वरडू नका. हात हालवू नका. तुमी फक्त पया. बाकीचं आमी पाहू.”