टॉवेलांच्या उजेडातली पिंकी

सकाळी आठपासून सरोजिनी पांढऱ्या टॉवेलांचे फोटो काढत होती. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखानदाराला कॅटलॉग छापायचा होता. एकशे दहा टॉवेल, सगळे पांढरे, फरक काय तो काठाचा. समोर नुसतं पांढरं दिसलं की कॅमेरा बिचकतो. उजेड फार झाला असं समजून फोटो काळपट करतो. नवा टॉवेल दहादा धुतल्यासारखा दिसतो. म्हणून तिने फोटो उजळ-काळपट करणारं प्लस-मायनसचं चाक चांगलं चार खटके प्लसकडे फिरवून ठेवलं होतं. वीस वर्षं हेच चाललेलं. यंत्राने चुकीचं ठरवायचं आणि हिने त्याची समजूत काढायची.

दुपारी स्टुडिओत येऊन तिने सुजलेले पाय जरा स्टुलावर टेकले, तोच वैरागच्या सोजरबाई लेकीला घेऊन दारात. पिंकीचा फोटो हवा होता, स्थळासाठी. शनिवारी पाहुणे यायचे होते. त्याआधी फोटो मोबाइलवर पाठवायचा होता.

सरोजिनीने पिंकीला गडद निळ्या पडद्यापुढे बसवलं, पदर सारखा केला, हनुवटी जरा खाली घ्यायला सांगितली आणि फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं तर पोरगी पिठात लोळून आल्यासारखी पांढरीफटक. नाकाची कडसुद्धा दिसेना. चाक टॉवेलांसाठी फिरवलं होतं तिथेच राहिलं होतं.

"अगं बाई, चुकलं," ती पुटपुटली.

सोजरबाई मागून डोकावल्या. "चुकलं कुटं? लई झाक आलाय की! ह्योच द्या."

"आये, ही मी हाय व्हय?" पिंकी म्हणाली.

"तूच की. जरा उजळलीस."

"मागच्या बारीला असाच धाडला हुता. कुर्डुवाडीची माणसं आली, पोहे खाल्ले, आन् म्हणाली, फोटूतली थोरली बहीण कुटं हाय? मला बहीणच न्हाय." मग सरोजिनीकडे वळून ती हळूच म्हणाली, "मावशी, पुन्यांदा तसं नगं. मला न्हाई सोसायचं."

सरोजिनीने त्या पांढऱ्याफटक फोटोकडे पुन्हा पाहिलं. आजवर किती पोरींना तिने असं उजळून दिलं होतं! आया खूश होऊन जायच्या. पुढे त्या घरात काय व्हायचं, हे तिने कधी विचारलं नव्हतं. विचारायचं त्राणच नसायचं.

"सोजरबाई," ती म्हणाली, "शनिवारी चहाचा ट्रे घेऊन कोण येणार? फोटो, की ही?"

सोजरबाईंनी फोटोकडे पाहिलं, मग लेकीकडे. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला.

"काढा दुसरा," त्या शेवटी म्हणाल्या. "पर हसताना काढा. दात चांगलं हायती तिचं."

सरोजिनीने चाक मागे फिरवलं. शून्यावर आलं, तरी ती थांबली नाही. मागच्या गडद पडद्याला पाहून कॅमेरा उजेड कमी आहे असं समजून आपणहून फोटो उजळवणार, हे तिला ठाऊक होतं. ती आणखी दोन खटके मायनसकडे गेली. पिंकी हसली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिचा गव्हाळ-सावळा रंग आला, गालावरचा कांजिण्यांचा व्रण आला, डोळेही आले.

"ही मी," पिंकी म्हणाली, आणि इतका वेळ ताठ धरलेले खांदे तिने खाली सोडले.

सरोजिनीने आधीचा फोटो पुसला. चाक शून्यावर आणून कॅमेरा पिशवीत ठेवला. उद्या सकाळी रंगीत चादरी होत्या.