स्वित्झर्लंडमधली तहान

"बाटली खाली ठेवा," मॅडम म्हणाल्या. "भिकाऱ्यासारखं काय करताय?"

मॅडमचं आणि बरोबरच्या तिघींचं जेवण झालं होतं. टेबलावरच्या विकतच्या पाण्याच्या बाटलीत तळाशी चार घोट उरले होते. सगळ्या उठल्या तेव्हा मी ते माझ्या बाटलीत ओतून घेत होते. वाढपी बघत होता. बरोबरच्या तिघी हसल्या. मी बाटली ठेवली आणि त्यांच्यामागून निघाले.

बाहेर आल्यावर मॅडम हळूच म्हणाल्या, "पुन्हा असं केलंत तर परतीच्या विमानात बसवून देईन."

मी वडनेरची. आमचा बायकांचा गट भाजीपाला वाळवून विकतो. एका संस्थेनं आम्हा चौघींना तिकडचं काम बघायला स्वित्झर्लंडला नेलं. बाकी तिघी पुण्याच्या, शिकलेल्या. संस्थेच्या मॅडम सगळ्यांच्या पुढारी. विमानतळावरच त्यांनी माझा पासपोर्ट मागून घेतला. "तुम्ही हरवाल." त्या तिघींचे पासपोर्ट त्यांच्या स्वतःजवळच राहिले. मी काढून दिला.

जेवणाखाण्याचा भत्ता हातात मिळत होता. उरेल तो आपला. मला तो सगळाच उरवायचा होता. पोरीला नर्सिंगला प्रवेश मिळालेला, आणि फी भरली नाही तर जागा जाणार. म्हणून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, फुटाणे, सगळं घरून नेलं. हॉटेलात त्या जेवायच्या तेव्हा मी भूक नाही म्हणायची आणि खोलीवर येऊन पलंगाच्या कडेला बसून खायची.

पाणी मात्र घरून नेता येत नाही. तिथं पाण्याच्या एका बाटलीची किंमत वाचली आणि ती परत फळीवर ठेवली.

खोलीत नळ होता. पण आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, जमिनीखालचं पाणी खारट. माझा थोरला दीर बोअरचंच पाणी पीत आला, मूत्रपिंडं गेली, चाळिशीच्या आत गेला. तेव्हापासून घरात कॅनचं पाणी. नळाला तोंड लावलं म्हणून पोरांना मी मारलेलं आहे. तिथल्या नळाखाली मी दोनदा ओंजळ धरली आणि दोन्ही वेळा सोडून दिली. परमुलखात आजारी पडले तर? कोणाला सांगू? कोणत्या भाषेत? पासपोर्टही जवळ नाही.

दोन दिवस काढले. विमानात मिळालेली एक छोटी बाटली पुरवून पुरवून प्यायली. चटणीनं घसा जळायचा. लघवी पिवळीजर्द झाली. दीर आठवायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी उठताना डोळ्यांपुढं अंधारी आली. पाणी मागायला मॅडमच्या खोलीकडे गेले. दार उघडं होतं. मॅडम बेसिनपाशी उभ्या राहून नळाखाली आपली स्टीलची बाटली भरत होत्या. भरली, आणि तिथंच दोन घोट प्यायल्या.

"हे पाणी पेता येते काय मॅडम?"

"अहो, इथलं नळाचं पाणी पिण्याचंच असतं. हॉटेलातल्या जेवणाबरोबर घ्यावं लागतं तेवढंच, एरवी विकत कोण घेतं? आम्ही सगळ्या हेच पितो."

"मंग मले काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंच नाहीत."

खरं होतं. मी विचारलं नव्हतं. हसतील म्हणून विचारलं नाही, परत पाठवतील म्हणून विचारलं नाही. पण मी त्या टेबलावरचं उष्टं पाणी ओतून घेताना त्यांनी पाहिलं होतं. तहान दिसत होती त्यांना. एक वाक्य बोलायचं होतं. त्याऐवजी त्यांनी मला भिकारी म्हटलं.

 मी दारातून हलले नाही.

"माहा पासपोर्ट द्या."

"आत्ता? परत जाताना देते ना."

"आत्ता द्या."

 त्यांनी पर्स उघडून पासपोर्ट पुढं केला. मी तो घेतला.  तिथूनच बेसिनपाशी गेले आणि त्यांच्यासमोर नळाखाली ओंजळ धरून पोट भरेस्तोवर प्यायले.

परत आल्यावर उरवलेल्या भत्त्यातून पोरीची फी भरली. माझी भीती काही गेली नाही. मोठ्या टेबलापाशी बसले की अजूनही घसा कोरडा पडतो, कोणी इंग्रजीत बोललं की मी मागं सरकते. पण घाबरूनच विचारायचं, हे ठरवलंय. सगळ्यांसमोर विचारणार. आणि ज्यांनी माहीत असून सांगितलं नाही त्यांना, का सांगितलं नाही, हे त्यांच्या तोंडावर विचारणार. त्यांनी उत्तर दिल्याशिवाय मी दारातून हटणार नाही.