आत्याचं बटण आणि देशपांडे काकांचा पंखा

आमच्या आत्याचा पाय मोडला आणि त्याचा त्रास शेजारच्या देशपांडे काकांच्या पंख्याला झाला.

मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन नुकताच जालन्याला परतलो होतो. नोकरी लागेपर्यंत घरातल्या प्रत्येक वस्तूला बटण बसवायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. (दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वेगळं काहीतरी ठरवलं होतं, पण ते असो.) तेवढ्यात धावडा गावची आत्या शेताच्या बांधावरून घसरली आणि पायाला प्लास्टर घालून मस्तगड भागातल्या आमच्या घरी मुक्कामाला आली.

"पाय बिलकुल हलवायचा नाही," डॉक्टरांनी बजावलं. आत्यानं ऐकलं. पाय हलला नाही. तोंडाला मात्र प्लास्टर नव्हतं!

"वहिनी, पंखा लावा! वहिनी, थंडी वाजून राह्यली, बंद करा! दिल्या, भजनाची टेप लाव! आरं, लाइट कोण लावणार, मी?"

आई दोन दिवसांत आत्यापेक्षा जास्त थकली. मग मी कामाला लागलो. काडेपेटीएवढा हिरवा बोर्ड, त्यावर मायक्रोकंट्रोलर नावाचा इवलासा मेंदू आणि तीन बटणं: दिवा, पंखा, टेप. वायर नाही, काही नाही. खाटेवरून बटण दाबायचं, की भिंतीवरच्या डब्याला हवेतून निरोप जाणार. चालू असेल ते बंद, बंद असेल ते चालू!

दादांनी बोर्ड उलटापालटा करून पाहिला. "सेल किती खातंय?"

"खातच नाही म्हणा ना. दोन पेन्सिल सेलवर महिनोन् महिने चालेल."

"मंग तुझ्यापेक्षा बरंय," म्हणून दादा पेपर वाचायला बसले.

आत्या मात्र खूष! तिनं बोर्ड चंचीत घालून गळ्यात अडकवला. आल्यागेल्याला ती पाय नंतर दाखवायची, बटण आधी. ही कीर्ती भिंतीपलीकडे पोचली. तिथं निवृत्त देशपांडे काका कंबर धरून अंथरुणावर पडले होते. काकू म्हणाल्या, "दिलीप, आमच्या ह्यांनाही एक करून दे की. मला सारखं उठबस होत नाही रे." मी लगेच बटण आणि डब्याची दुसरी जोडी बनवून दिली. टेपच्या जागी त्यांचा रेडिओ जोडला. दोन गिऱ्हाइकं! उद्या सगळं मस्तगड माझ्या बटणावर चालणार, अशी स्वप्नं मला भर दुपारी पडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याचा पंखा आपोआप बंद झाला.

"लाइट गेली का?"

"लाइट आहे, आत्या. पंखाच गेला."

आत्यानं बटण दाबलं, पंखा फिरला. घटकाभरात पुन्हा बंद! मग भजन ऐन रंगात आलेलं असताना टेपच गप्प. पलीकडून काकांचा आवाज: "अगं, बातम्या कुठं गेल्या?" विजेचा वायरमन आला, खांबावर चढला, उतरला, दोन्ही घरी चहा प्यायला आणि "सगळं बराबर आहे" म्हणून निघून गेला.

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "व्होल्टेज फ्लक्च्युएशन." (अख्ख्या डिप्लोम्यातून मला मिळालेला सगळ्यात उपयोगी शब्द!)

पण दुपारी जेवताना दिवा तीनदा लागून विझला तेव्हा आत्यानं हातातला घास ताटात ठेवला. "ह्या घरात काहीतरी हाये. मला आत्ताच्या आत्ता धावड्याला न्या. जीप बोलवा!"

"वन्सं, पाय हलवायचा नाही!" आई रडकुंडीला आली. "पुन्हा मोडला म्हंजे? आणि भावजयीनं हाकलली म्हणतील हो लोक!"

आत्या ऐकेना. जीप आली. चौघांनी आत्याला खाटेसकट उचललं. आईच्या डोळ्यांत पाणी. तेवढ्यात टेप आपोआप सुरू झाली! "ही मेली टेप मी जाताना तरी गप बसू दे!" म्हणत आत्यानं रागानं बटण दाबलं.

पलीकडून आरोळी आली, "अगं, आत्ता लावला होता रेडिओ! कोणी बंद केला?"

आत्या थबकली. पुन्हा बटण दाबलं.

"लागला!"

पुन्हा दाबलं.

"गेला!"

आत्याच्या चेहऱ्यावर हळूहळू जे हसू पसरलं ते मी जन्मात विसरणार नाही.

"दिल्या! हे देशपांडे माझ्या बटणावर चालून राह्यले रे!"

काकाही काही कमी नव्हते. लगेच आमचा पंखा गरागरा फिरला. "म्हणजे माझ्या बातम्या तुम्ही खाताय होय, आत्याबाई?"

"न् माझं भजन कोण खाऊन राह्यलं व्हतं?"

खाटेवर आत्या खदखदून हसत होती, भिंतीपलीकडे काका "कंबर, कंबर!" ओरडत हसत होते, आणि चारही खांदेकऱ्यांना खाट धरवेना. "ठेवा मला खाली," आत्या म्हणाली, "जीपवाल्याला चहा पाजा न् द्या परत लावून."

प्रत्येक जोडीला आपापला वेगळा नंबर द्यायचा असतो. मी घाईत दोन्हींत एकच भरला होता.

"म्हंजे ते व्होल्टेज?" दादांनी विचारलं.

"मीच," मी म्हणालो.

संध्याकाळी मी नंबर वेगळे केले. दोन्ही घरांत शांतता पसरली. ती जेमतेम एक दिवस टिकली.

"करमत न्हाई रे," आत्या पंख्याकडे बघत म्हणाली. तेवढ्यात काकू दारात हजर. "अरे, हे सकाळपासून जेवलेसुद्धा नाहीत. पंखा दोनदा बंद झाला की आत्याबाईंचा चहा आला, दिवा लुकलुकला की डॉक्टर आले असं समजायचं, हे काल दुपारीच ठरलं होतं म्हणे दोघांचं. पहिल्यासारखं बिघडवून दे बाबा!"

दिलं बिघडवून. तेव्हापासून आजवर मी पुष्कळ यंत्रं बनवली. पण लोकांनी दारात येऊन मागून नेलेलं तेवढं एकच, आणि तेही, मी पुन्हा दुरुस्त करणार नाही या अटीवर!