तात्यांच्या दोन बसगाड्या

माझ्या थोरल्या भावाच्या लग्नाचं वऱ्हाड किन्हवलीहून मुरबाडला कॉम्प्युटरने नेलं. आमच्या पंचक्रोशीत असं पहिल्यांदाच घडलं, आणि आमच्या घरापुरतं बोलायचं तर शेवटचंच!

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी शहापूरला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होतो. कोर्स अर्धा झाला होता, रुबाब मात्र पूर्ण झाला होता. (चपला बाहेर काढून एसीच्या खोलीत शिरणारा आमच्या घरातला मी पहिलाच.) त्यामुळे कुठल्या गावाहून किती पाहुणे येणार आणि कुठे किती गाड्या धाडायच्या, हे काम मी आपणहून अंगावर घेतलं.

"हे काय बोटांवर होत नाय? मशीन कशाला?" बाबा म्हणाले.

"बाबा, माणूस चुकतो. मशीन चुकत नाही."

"बरं. पण जो जे बोलंल तेच लिव. मनाचं काय घालू नको. उद्या कोण रुसला तर मी नाय जायचा समजूत काढाया!"

बाबांचं मी आयुष्यात फारसं ऐकलेलं नाही. नेमकं हे ऐकलं.

आमचा मामा तानशाच्या बाजूला राहायचा. तो म्हणाला, "आमी सगळे मिळून १५." मी तसंच्या तसं टाइप केलं. सापगावला बाबांचे चुलतभाऊ तात्या राहायचे. लग्न केलेलं नाही, मागेपुढे कोणी नाही, पण दुसऱ्याच्या लग्नाची हौस दांडगी. "येणार ना तात्या?" विचारल्यावर ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "१०० टक्के येणार!" मी तेही तसंच्या तसं टाइप केलं.

आता कॉम्प्युटरची गंमत अशी, की वाक्यात लिहिलेला आकडा त्याला आकडा वाटतच नाही, नुसती अक्षरं वाटतात. बेरीज करायची तर आधी त्या मजकुराचा आकडा करून घ्यावा लागतो. त्यासाठीची आज्ञा क्लासमध्ये नुकतीच शिकवली होती. तिच्या खाचाखोचा सर पुढच्या तासाला सांगणार होते. त्या तासाला मी भावासाठी फेटा बघायला गेलो होतो.

प्रिंटरने किर्रर्र करत कागद बाहेर काढला. ज्या गावाहून कोणी येत नाही त्याचं नावच छापू नको, असंही मी मशीनला बजावलं होतं. (उगाच कागद वाया कशाला!) बाबांनी चष्मा लावला.

"सापगावला दोन बस? तिकडं आपलं एवढं कोण हाय रे?"

"तात्यांचा गोतावळा मोठा असेल."

"त्याच्याकडं मांजर पण नाय!"

"बाबा, छापून आलंय."

छापून आलंय म्हटल्यावर बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. भाड्याच्या बसगाड्या ठरल्या.

लग्नाच्या सकाळी सापगावच्या नाक्यावर काय झालं, ते तात्यांनी पुढे प्रत्येक लग्नात सांगितलं. नवा सदरा घालून, पिशवी घेऊन ते उभे. समोर दोन रिकाम्या बसगाड्या येऊन थांबल्या.

"बाकीचे कुठं?" ड्रायव्हर म्हणाला.

"बाकीचे कोण? मी एकटाच हाय."

"कागदावर शंभर लिवलंय. शंभर झाल्याबिगर गाडी हलायची नाय. मालकाला जबाब कोण देनार?"

मुहूर्त चुकेल म्हणून तात्या हवालदिल झाले. शेवटी ते हातगाडीवाल्यासारखे ओरडू लागले, "चला मुरबाड! मुरबाड फुकट!" नाक्यावर मुरबाडच्या बाजाराला निघालेली माणसं होतीच. पुढची बस भरली. मागच्या बसमध्ये त्यांच्या कोंबड्यांच्या पाट्या आणि तात्यांची पिशवी! कोंबड्या धरून ड्रायव्हरने शंभर मोजले.

मुरबाडला मांडवाशी वाजंत्री वाजली. तात्या पहिल्या सीटवरून हात हलवत उतरले. मागोमाग अख्खा बाजार उतरला. मुलीकडच्यांनी प्रत्येकाला अत्तर लावलं. एका बाईने सुपारी घेता घेता मला विचारलं, "लगीन कोनाचं हाय?"

तेवढ्यात आई माझ्याकडे आली. "माझा भाऊ कुठं रे?"

मी कागद उघडला. वरपासून खालपर्यंत वाचला. तानसा हे गाव जगात नव्हतंच!

"त्याला गाडी नाय धाडली?" आईने हातातलं ताट खाली ठेवलं. "नवऱ्यामागं मामा उभा पायजे. माझा भाऊ आल्याबिगर अंतरपाट धरायचा नाय!"

भटजी घड्याळ दाखवू लागले. मुलीचे वडील बाबांकडे बघू लागले, बाबा माझ्याकडे. मी कागदाकडे. मुंडावळ्यांच्या आडून भाऊ म्हणाला, "माझं लग्न लागू दे, मग तुला बघतो."

मुहूर्त अगदी येऊन ठेपला आणि वीटभट्टीचा एक ट्रक मांडवाशी येऊन उभा राहिला. वर मामा, मामी आणि सगळं बिऱ्हाड! पांढरे सदरे, जरीची लुगडी, सगळं विटांच्या भुकटीने तांबडंलाल. मामा उतरला आणि थेट भावामागे जाऊन उभा राहिला. अक्षता पडल्या. आई रडली. (मुलीकडच्यांना वाटलं, आनंदाने.)

पण मामा जेवायला बसेना. मी पाय धरायला गेलो.

"पाय नंतर धर. आदी सांग, त्या तात्याला दोन गाड्या नि मला एक पन कशी नाय?"

मी चूक शोधून ठेवली होती. विद्वत्तेला उधाण आलं. "मामा, मजकुराचा आकडा करताना कॉम्प्युटर पहिल्या अक्षरापासून वाचतो. तात्यांचं वाक्य शंभरने सुरू झालं, म्हणून त्याने तेवढी माणसं धरली, पुढचं सोडून दिलं. तुमच्या वाक्यात आकडा होता, पण शेवटी. आधी नुसते शब्दच आले. सुरुवातीला शब्द दिसले, की पुढे काय आहे ते तो बघतच नाही. सरळ शून्य धरतो."

मामाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. डोक्यावरची भुकटी झटकली.

"म्हंजे ज्याच्याकडं आदी नुसते शब्दच, तो शून्य?"

"अगदी बरोबर, मामा!"

मामा आईकडे वळला. "आक्का, वाढ मला. मशीन बराबर हाय. यालाच अजून त्यात घातला नाय कोनी."