पंखा म्हणजे मशीन नव्हे

गल्ली तिला कातारीण म्हणते. लाकूड कातण्याचं काम ती वडिलांच्या हाताखाली शिकली. लग्न केलं नाही, आणि ते का केलं नाही याची गल्लीला तिच्यापेक्षा जास्त माहिती आहे. एक सांगतो लेथवर जीव जडला, दुसरी सांगते जीभ तिखट होती. दोघंही खोटं बोलत नाहीत. पण तिला आयुष्याचा खरा कंटाळा आणला तो कुठल्या नवऱ्याने नव्हे, तर सख्ख्या थोरल्या भावाने.

दादा सुतार. दोघांचा मिळून एक कारखाना. कारखाना हा शब्द दादाचा, बघणाऱ्याला ती एक लांबट पत्र्याची शेड दिसते. एका टोकाला दादाचं रंधा मशीन, दुसऱ्या टोकाला हिचा लेथ. मध्ये छताजवळून जाणारा जाडजूड पत्र्याचा नळ आणि त्याच्या शेवटी भुसा ओढणारा मोठा पंखा, तो असा घोंघावतो की शेजारी उभ्या माणसाला आपला खोकला ऐकू येऊ नये. मागच्या दाराला लागून घर. घरात वहिनी.

दादाचं एकच व्रत होतं, वीज वाचवणे. कुणी शेडमध्ये पाऊल टाकलं की तो आधी वर बघायचा, मग माणसाकडे. "दिवा कशाला? डोळे कशाला दिलेत?" वहिनीला इस्त्री आठवड्यातून एकदाच, तीही सगळे कपडे एकदम. सरसाचं भांडं तापलं की त्यावर पोतं टाकून ठेवायचं. पाती बोथट झाली की मोटर दुप्पट खाते, पट्टा सैल पडला की वीज वाऱ्यावर जाते, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. बरं, यात चुकीचं काही नव्हतं. तीच तर चीड होती. माणूस पूर्ण चुकत असेल तर त्याच्याशी भांडता येतं. चारातले तीन हिस्से बरोबर असलेल्या माणसाचं करायचं काय?

त्यातून बिल्ला निघाला. झालं असं, की रंधा आणि लेथ एकदम चालू केले की मेन स्विच पडायचा. वायरमन म्हणाला, "जोडणी मोठी करून घ्या, नाहीतर एका वेळी एकच चालवा." दादाच्या कानांनी पहिलं अर्धं वाक्य बाहेरच्या बाहेर परतवलं. त्याने सागाच्या तुकड्याचा एक गोल बिल्ला केला, भोक पाडून सुतळी ओवली आणि जाहीर केलं, "ज्याच्या गळ्यात बिल्ला, त्याचं मशीन."

आणि बिल्ला कुणाच्या गळ्यात असायचा? विचारताय कशाला.

"दादा, बिल्ला दे."

"हं."

"अरे हं काय? तुझा रंधा बंद आहे!"

"पट्टी मारतोय ना." म्हणजे पेन्सिलीने रेघ ओढतोय. बिल्ला गळ्यात.

दादा दाढी करायला जायचा, बिल्ला दाढी करायला जायचा. दादा दुपारी लवंडायचा, बिल्ला छातीवर ठेवून लवंडायचा. कातारीण लेथसमोर स्टुलावर बसून पटाशीला धार लावायची. तिच्या पटाश्यांना इतकी धार झाली होती की त्यांच्याकडे नुसतं बघितलं तरी बोट कापेल.

हे सगळं एरवी खपलं असतं. पण तिला पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर काम मिळालं होतं. जिन्याच्या कठड्याचे खांब, सगळे एकसारखे कातून द्यायचे. कंत्राटदाराने दादाला न विचारता थेट तिला विचारलं होतं, आणि जाताना म्हणाला होता, "शनिवारी टेम्पो आणतो. खांब तयार नसतील तर लोखंडी पाइप लावून मोकळा होतो. पुढच्या जिन्यांनाही मग पाइपच."

तिची भूकच मेली. खांब मोजायची आणि भावाच्या गळ्याकडे बघायची, आणि हो, ते बघणं बिल्ल्यापुरतंच होतं असं शपथेवर सांगता येणार नाही.

बुधवारी बिल्ला दादाबरोबर पुन्हा रेघा ओढत होता. रागारागाने ती बाहेर जाऊन मीटरसमोर उभी राहिली. रंधा बंद. लेथ बंद. दिवे तर या शेडमध्ये जन्मालाच आले नव्हते. आणि मीटरचा लाल ठिपका असा लुकलुकत होता, जणू आत जत्रा भरलीय. तिने वायरमनला हाक मारली. तो आला, त्याने वर बोट केलं.

"तो पंखा. पाच हॉर्सची मोटर आहे त्याला. तुमचा लेथ त्याच्यापुढे पोर आहे. तो बंद ठेवा, लेथ आणि रंधा एकत्र खुशाल चालवा. मेन पडला तर मला शिव्या द्या."

ती आत धावली. दादाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "पंखा बंद कर!"

"का?"

"वीज खातो!"

"तो पंखा आहे. मशीन नव्हे."

"मोटर आहे ना त्याला?"

"मशीन म्हणजे ज्याने लाकूड कापलं जातं ते. पंख्याने काय कापलं जातं? हवा?"

"अरे, पण कुणी लाकूड कापत नसताना भुसा कुठला ओढतोय तो?"

दादाने जरा विचार केला. "हवेत असतो. दिसत नाही." आणि तोंड फिरवून पुन्हा रेघ.

ज्या माणसाने बायकोची इस्त्री बंद केली, मोबाइल चार्ज झाल्यावर पिन भिंतीत दिसली तर जेवण सोडलं, तो माणूस पाच हॉर्सची मोटर दिवसभर हवेला झाडू मारायला लावत होता! कातारीण तशीच मागच्या दाराने घरात गेली.

"वहिनी, याला काय झालंय? पंखा का बंद करू देत नाही हा?"

वहिनी भाजी निवडत होती. तिने मान खाली घातली आणि तिचे खांदे हलायला लागले.

"हसताय काय?"

"मला नका विचारू, वन्सं. मी लग्नात शब्द दिलाय."

"कसला शब्द?"

"सांगितलं तर तो शब्द कसला!"

आता मात्र हद्द झाली. गुरुवारी दुपारी ती गुपचूप बाहेर आली आणि मीटरशेजारचं पंख्याचं बटण खटकन खाली केलं.

घोंघाट हळूहळू बसत गेला. आणि त्याच्या खालून, पाणी ओसरल्यावर खडक वर यावा तसा, दादाचा आवाज वर आला. दादा गात होता. सगळा जीव ओतून, डोळे मिटून, रंध्याच्या टेबलावर बोटांनी ताल धरून. सिनेमातलं प्रेमगीत होतं, दोघांचं. नायकाची ओळ नायकासारखी, आणि नायिकेची ओळ बारीक, लाजऱ्या आवाजात. सूर कुठला विचाराल, तर वाटेत भेटेल तो.

समोरच्या सलूनमध्ये वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. दादाने शेवटची तान घेतली, डोळे उघडले, आणि त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

गळ्यातला बिल्ला काढून त्याने टेबलावर ठेवला आणि मागच्या दाराने घरात गेला.

आता बिल्ला हिचा, मीटर हिचं, अख्खी शेड हिची. पण लेथला लावायचं लाकूड आधी रंध्यावर चौकोनी करावं लागतं, आणि रंध्याला हात लावायची तिची टाप नव्हती. त्या मशीनने बरीच बोटं खाल्लेली होती. शुक्रवारी सकाळी तयार चौकोन संपले, तरी दादा येईना. ती घरात गेली. दादा भिंतीकडे तोंड करून झोपला होता.

"ताप आहे," तो भिंतीला म्हणाला.

"भिंतीला का?"

दादाने पाय पोटाशी घेतले. मग, "सगळ्या गल्लीने ऐकलं?"

"छे. अर्ध्या गल्लीने ऐकलं. उरलेल्या अर्ध्या गल्लीला सलूनवाल्याने म्हणून दाखवलं."

दादाने पांघरूण डोक्यावरून घेतलं.

"दादा, तुझा आवाज वाईट आहे. चांगला आहे असं मी म्हणणार नाही, मेले तरी नाही. पण उद्या टेम्पो येणार आहे. खांब झाले नाहीत तर कंत्राटदार पाइप लावेल, आणि मी जन्मभर तुझ्या पेन्सिलीकडे बघत धार लावत बसेन. गाणं म्हण, म्हणू नको, पण ऊठ!"

"मला गाता येत नाही," दादा पांघरुणातून म्हणाला.

"ते आता सगळ्यांना माहीत आहे. ऊठ."

तो उठला. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं, पण उठला. पंखा बंदच राहिला. भुसा खाली पडला तो वहिनीने खराट्याने ओढला. रंधा आणि लेथ एकदम चालले आणि मेन जागचा हलला नाही. दादा चौकोन काढून सरकवत होता, कातारीण कातून रचत होती. दिवसभर दादाच्या तोंडातून हूं की चूं नाही. एका बाजूला तिला बरं वाटत होतं, आणि एका बाजूला त्या गप्प तोंडाकडे बघून चीडच येत होती. मनासारखं झालं तरी हा माणूस सुख लागू देईल तर शपथ.

शनिवारी दुपारी शेवटचा खांब लेथवर होता. दादाचं काम संपलं होतं, रंधा बंद. फक्त लेथची घरघर. आणि त्या घरघरीच्या आडून काहीतरी गुणगुणल्यासारखं झालं.

तिने वर पाहिलं नाही. लेथचा आवाज तो केवढासा, त्याच्यातून सगळं ऐकू येत होतं. पण दादाला वाटत होतं की येत नाही. नायकाची ओळ झाली. नायिकेची सुरू झाली.

खांब तयार होता. मशीन बंद करायला हवं होतं. वीज फुकट जात होती, पट्टा झिजत होता, बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. कातारणीने पॉलिश पेपरचा नवा तुकडा घेतला आणि तयार खांबावरून फिरवत राहिली. कडवं संपलं की बंद करू. कडवं संपलं, दुसरं लागलं. खांब हातात बारीक होत चालला. आणखी एक कडवं झालं असतं तर खांबाचं लाटणं झालं असतं.

तिसऱ्या कडव्याला तिने दात ओठ खाल्ले आणि बटण दाबलं.

लेथ थांबला. दादा थांबला नाही. डोळे मिटलेले, बोटं टेबलावर, नायिका ऐन रंगात आलेली.

कंत्राटदार दारात आला, थबकला. "रेडिओ लावलाय का हो?"

"हो," कातारीण म्हणाली, "आणि आता बंद होत नाही. तुम्ही खांब उचला."