खाली म्हणजे खाली

“आमच्या घराण्यात माघार नाही,” असं म्हणताना आमच्या समोरच्या घरातले गृहस्थ उजव्या हाताची तर्जनी जमिनीकडे रोखत, जणू घराण्याचा झेंडा तिथेच रोवला होता. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते ग्वाल्हेरच्या खासगी बाजारात, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी. त्यांची जुनी मोटार आत, समोर एक टेम्पो, आणि दोघांपैकी एकाला मागे जाणं भाग होतं. शेवटी टेम्पोवाला कुरकुरत मागे गेला. त्यांच्या गाडीला रिव्हर्स गिअर पडत नाही, हे मला पुढे मेकॅनिककडून कळलं.

गल्ली त्यांना ‘सरदारसाहब’ म्हणे. पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आले होते. घोड्यांच्या वैरणीची व्यवस्था बघायला आले होते, हा तपशील त्यांच्या पत्नीनं मला एकदा चहा देता देता सांगितला. ते स्वतः सांगताना फौजेपाशी थांबत. नोकरी मात्र वीज खात्यात झाली. नवा कुरियरवाला आला की ‘सरदारसाहब’ म्हणून पगडीवाल्या शिखाला गल्लीभर शोधे आणि कंटाळून पाकीट समोरच्या घरी, म्हणजे माझ्याकडे, देऊन जाई.

घराण्याखालोखाल त्यांचा अभिमान मराठीचा. आमची ग्वाल्हेरची मराठी हिंदीच्या शेजारी राहून राहून तिच्यासारखीच दिसू लागली आहे. ‘गिलास खाली आहे’ असं आम्ही सहज म्हणतो आणि आम्हाला म्हणायचं असतं की तो रिकामा आहे. त्यांच्यासमोर असं बोलण्याची सोय नव्हती.

“खाली म्हणजे खाली!” तर्जनी पुन्हा जमिनीकडे. “रिकामं ते रिकामं. गिलास खाली असेल तर उचला.”

याचा सर्वांत मोठा वाटा त्यांच्या मुलीच्या, रेवाच्या, पदरात पडला. ती बंगळूरला गेली आणि दोन मित्रांबरोबर व्हिडिओ गेम बनवू लागली. ते लोकांना सांगत, “कॉम्प्युटरमध्ये आहे.” पत्नी गेल्यावर रेवाचे फोन वाढले. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून फोन स्पीकरवर असे आणि गल्ली सुशिक्षित होई.

“बाबा, तुम्ही तिथे अकेले राहता, मला टेन्शन होतं. इथे चला ना माझ्याकडे.”

“अकेले नाही, एकटा. आणि ‘इथे या’. चला काय?”

“बरं, इथे या.”

“आमच्या घराण्यात—”

“माहीत आहे! मग एक शर्त लावू.”

“पैज.”

पैज अशी ठरली: रेवानं नुकताच एक गेम पुरा केला होता, जुन्या धाटणीचा, चौकोनी ठिपक्यांच्या चित्रांचा, पिपाणीसारखं संगीत वाजणारा. उड्या मारत, खड्डे चुकवत एका किल्ल्याच्या आत पोहोचायचं. पात्रं चार, प्रत्येकाची मोहीम वेगळी. ती दिवाळीला येऊन परत जाईपर्यंत बाबांनी कोणालाही न विचारता चारही मोहिमा पार केल्या, तर ती घर सोडण्याचा विषय पुन्हा काढणार नाही. नाहीतर त्यांनी बंगळूरला जायचं.

‘मोहीम’ या शब्दानंच ते निम्मे जिंकले होते. रोज दुपारच्या चहानंतर ते कॉम्प्युटरसमोर ताठ बसत आणि साक्षीदार म्हणून मला बोलावत. पहिली मोहीम तलवारवाल्या शिपायाची. तो पहिल्याच खड्ड्यात पडला.

“नवीन भरती दिसते,” ते म्हणाले.

प्रत्येक पात्राला तीन जीव होते. “माणसाला एकच जीव असतो,” हे त्यांनी मला बजावलं आणि तिन्ही वापरले. पण माणूस चिकट. शिपाई पोहोचला. मग उंच उड्या मारणारी पाणक्याची बायको पोहोचली, तिसरा, माकडासारखा चोरही पोहोचला. चोराबरोबर खेळताना ते थोडे अवघडले होते, पण तो भिंती चढू लागल्यावर त्यांनी त्याला घराण्यात घेतलं.

चौथी मोहीम म्हाताऱ्या किल्लेदाराची. हा ताठ मानेचा गृहस्थ फक्त पुढे चाले. मागचं बटण दाबलं की नुसता खाकरे.

“बाणेदार आहे,” ते कौतुकानं म्हणाले. “असा माणूस कुठेतरी पाहिलाय.”

मीही पाहिला होता. मी चहा प्यायलो.

किल्लेदाराच्या वाटेवर दोन शिलालेख होते. पहिला: ‘किल्ली पेटीत आहे.’ दुसरा: ‘पेटी खाली आहे.’

“बघा!” ते कडाडले. “पेटी खाली! रिकामी लिहायला हवं होतं. इतकी वर्षं शिकवून पोरीनं शेवटी दगडावर हिंदी कोरली.”

पेटी रिकामी, म्हणजे किल्ली कोणीतरी आधीच नेली, असा अर्थ लावून ते चोराच्या शोधात पुढे निघाले. मलाही तोच अर्थ लागला होता, मीही ग्वाल्हेरचाच. पुढे बंद दरवाजा. किल्ली नाही, मागे फिरता येत नाही. किल्लेदार तिथे खाकरत उभा राही, वरून दगड पडे आणि मोहीम पहिल्यापासून सुरू होई. दिवाळीपर्यंत बिचाऱ्यावर किल्ल्याचा निम्मा बुरूज पडला असावा.

रेवा आली. फराळ झाला, पाहुणे झाले. तिच्या परतीच्या दिवशी दुपारी तिची बॅग दाराशी आणि किल्लेदार दुसऱ्या शिलालेखाशी उभा होता. मी माझ्या खुर्चीत होतो. हरले तर समोरचं घर बंद होणार, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट जाणवलं.

“एवढं मात्र सांगतो,” ते पडद्याकडे बोट करून तिला म्हणाले, “हरलो तर तुझ्या मराठीमुळे. लहानपणापासून घसा कोरडा केला. खाली म्हणजे—”

तर्जनी सवयीनं जमिनीकडे गेली आणि तिथेच थांबली.

त्यांनी बोटाकडे पाहिलं. मग शिलालेखाकडे. रेवा खिडकीबाहेर बघत होती, फारच लक्ष देऊन.

त्यांनी खालचं बटण दाबलं. इतक्या दिवसांत किल्लेदारासाठी ते एकदाही दाबलं नव्हतं. म्हातारा कुरकुरत कमरेत वाकला, पायाखालची फरशी सरकली आणि तो सरळ तळघरातल्या पेटीवर जाऊन पडला.

दरवाजा उघडला. आत पंगत मांडलेली. शिपाई, पाणक्याची बायको आणि चोर आधीच बसले होते. चौथा पाट मोकळा होता.

ते पडद्याकडे वाकले. मग घसा साफ केला, अगदी किल्लेदारासारखा.

“हा पाट...”

“रिकामा आहे, बाबा,” रेवा म्हणाली. “खाली नाही.”

“मराठी बरी आहे तुझी.”

“शिकवलं कोणी?”

पैज ते जिंकले होते. रेवानं शब्द पाळला. घर सोडण्याचा विषय फोनवर पुन्हा कधी निघाला नाही. गल्लीला फोन ऐकण्यात रस उरला नाही. होळीनंतर एका सकाळी त्यांनी मला बोलावून सांगितलं, “बंगळूरला निघालोय. हरून गेलो असतो तर माघार झाली असती. ही पाचवी मोहीम.”

निघायच्या दिवशी टेम्पो दारापर्यंत आला, पण आमच्या गल्लीत टेम्पो वळत नाही. तो तसाच मागे मागे बाडा चौकाच्या रस्त्यापर्यंत गेला. सरदारसाहब पुढच्या सीटवर ताठ बसून, समोर लहान होत जाणाऱ्या आपल्या घराकडे बघत, खासगी बाजारातून गेले. मी हात हलवला. त्यांनी तर्जनी दाखवली.

दारावर त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती: ‘घर रिकामे आहे.’ लोक ती वाचत आणि पुढे जात. शेवटी कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं पाटीच्या खाली खडूनं ‘खाली’ असं लिहिलं, आणि त्याच आठवड्यात भाडेकरू मिळाला.