रेकॉर्डवरचा चरा

त्या म्हाताऱ्याचं नावही मला माहीत नाही, पण मी त्याच्यावर अजून जळतो.

मी लॅपटॉपवाला डीजे. राजूरला एका हळदीत गाणी वाजवत होतो. तो माझ्या स्पीकरसमोरच खुर्ची टाकून बसला होता. पूर्वी गावातल्या प्रत्येक लग्नात रेकॉर्डी लावायचा तो हाच, असं नवरीच्या मामानं सांगितलं. "आता ती खरखर कोण ऐकतंय?" मी त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो.

मग बायकांनी एक जुनं गाणं मागितलं. मी लावलं, त्या गायला लागल्या. दुसऱ्या कडव्यात माझं गाणं पुढं गेलं आणि बायका मागंच राहिल्या. ओळीतले शेवटचे दोन शब्द त्यांनी पुन्हा म्हटले, परत पुन्हा म्हटले. म्हाताऱ्यानं मांडीवरचं बोट उचलून हवेतच सुई सरकवल्यासारखं केलं, तशा त्या हसत पुढं गेल्या.

"आमची रेकॉर्ड तिथंच अडकायची," तो मला म्हणाला. "ती कवाच फुटली. चरा तेवढा ऱ्हायला हाय."

माझ्याकडे हजारो गाणी आहेत. त्यातलं एकही कुणी माझं म्हणून गात नाही.

घरी येऊन मी ते गाणं त्याच जागी तीनदा अडकेल असं कापून जोडलं आणि पुढच्या आठवड्यात सावेडीच्या एका हॉलमध्ये मुद्दाम लावलं. गाणं अडकलं तसा नवरदेवाचा भाऊ धावतच आला.

"दादा, लॅपटॉप हँग झाला का?"